एका यार्डाचा वांधा

अमेरिकन फुटबॉलचं मैदान १०० यार्डांचं असतं. त्यातले ९९ यार्ड कसे कापायचे यावर या देशात पुस्तकं निघतात, शिबिरं भरतात, आणि ते शिकवणाऱ्या कोचला सरकारी विद्यापीठात खुद्द कुलगुरूंपेक्षा कितीतरी जास्त पगार मिळतो. राहिलेल्या एका यार्डाचं काय करायचं, हे मात्र त्या कोचला सोडून स्टेडियममधल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

मला हे ज्ञान झालं ते क्लॅरिनेटमुळे. आम्ही राहतो डॅलसजवळ. टेक्ससमध्ये शाळेची फुटबॉल मॅच शुक्रवारी रात्री असते आणि त्या रात्री गावात दुसरं काही ठेवायचं नाही असा अलिखित नियम आहे. आमचं मंडळ गणपतीची मीटिंगसुद्धा शनिवारी ठेवतं. देशी घरांतली मुलं मैदानावर कमी, पण मार्चिंग बँडमध्ये भरपूर. आमची कन्या त्यात क्लॅरिनेट वाजवते. ती हाफटाइमला सात-आठ मिनिटं वाजवणार म्हणून आम्ही तीन तास बाकावर. आणि बाक म्हणजे काही आपल्या शाळेच्या पटांगणाशेजारचा कट्टा नव्हे. जवळच्या ॲलन गावानं २०१२ साली शाळेच्या पोरांसाठी ६ कोटी डॉलर खर्चून १८,००० माणसांचं स्टेडियम उभं केलंय. माझ्या शाळेत खेळाच्या तासाला एक बॉल मिळायचा आणि त्यातली हवा मॉनिटरच्या ताब्यात असायची.

आमच्या मागच्या बाकावर एक गृहस्थ बसतात. वय साठीच्या पुढे, मांडीवर नाचोज, आवाज पहाडी. त्यांच्याकडे दोनच सल्ले आहेत. पास फसला की ‘रन द बॉल!’ आणि रन फसला की ‘थ्रो द बॉल!’ या दोन सल्ल्यांच्या जोरावर त्यांचा अंदाज आजवर एकदाही चुकलेला नाही. कोच होण्यात अडचण एवढीच की कोचला सल्ला आधी द्यावा लागतो.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी पटकन सांगून टाकतो. दोन्हीकडे ११-११ माणसं. १० यार्ड पुढे जायला चार संधी. गेलात तर नव्या चार, नाही गेलात तर बॉल समोरच्याचा. शेवटची रेघ म्हणजे गोल लाइन. तिच्या पलीकडे बॉल नेला की सहा गुण, याला टचडाउन म्हणतात. त्या रेघेपुढे १० यार्डांची पट्टी, तिला एंड झोन म्हणतात. ती संपली की जग संपलं. दर खेळीला दोन्ही संघ आधी रचना लावून उभे राहतात, मग सेंटर दोन पायांमधून बॉल मागे क्वार्टरबॅककडे देतो (हा स्नॅप) आणि पुढच्या चार सेकंदांत जे व्हायचं ते होतं. मग पुन्हा अर्धा मिनिट चर्चा.

या अर्ध्या मिनिटावर माझे वडील भयंकर वैतागले होते. ते सांगलीहून आले होते तेव्हा त्यांनाही शुक्रवारी घेऊन गेलो. जन्मभर मातीतली कबड्डी पाहिलेला माणूस. पहिला पाऊण तास ते ‘यांना एवढ्यात दम लागतो का रे?’ एवढंच विचारत होते. नंतर त्यांचा डोळा लागला. पण आमच्या शाळेनं बॉल दोन यार्डांच्या रेघेपर्यंत नेला, स्टँडमधली माणसं उभी राहिली, त्या गलक्यानं बाबा जागे झाले आणि खाली बघताच सावरून बसले. चढाईला गेलेल्या गड्याच्या अंगावर चौघं पडलेत आणि त्याचं बोट मधल्या रेघेपासून चार अंगुळं लांब आहे, अशा वेळी आख्खं पटांगण जसं बसल्या जागी पुढे सरकतं, तसे ते सरकले. इतका वेळ न कळलेला खेळ त्यांना एकदम कळला.

आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला.

“अरे, दोनच यार्ड राहिलेत ना? मग तो पोरगा पाच यार्ड मागे जाऊन का उभा राहिलाय?”

“बाबा, त्याला शॉटगन म्हणतात. हे लोक स्प्रेड ऑफेन्स खेळतात.”

“काय खेळायचं ते खेळू दे की. पण पुढं जायचंय का मागं?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि बंद केलं. बाबांनी अजाणता ज्या जखमेवर बोट ठेवलं होतं, ती अमेरिकेतल्या मोठमोठ्या कोचांची ठसठसती जखम आहे.

स्प्रेडचं तत्त्व असं, की आपली माणसं मैदानाच्या रुंदीभर पांगवायची. मैदान ५३ यार्डांहून थोडं जास्तच रुंद. चार-पाच रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे गडी, या टोकापासून त्या टोकापर्यंत उभे केले की समोरच्यालाही पांगावं लागतं, कारण मोकळा सोडलेला रिसीव्हर म्हणजे फुकटात दिलेले सहा गुण. समोरचा पांगला की त्याच्यात भोकं पडतात. भोकातून पळा, नाहीतर डोक्यावरून फेका. ही कल्पना श्रीमंत कॉलेजांच्या डोक्यातून निघाली नाही हे ओघानंच आलं. ज्यांच्याकडे दीडशे किलोची पोरं रांगेनं उभी असतात त्यांना डोकं चालवायची गरज पडत नाही. १९८९ साली आयोवा वेस्लियन नावाच्या चिमुकल्या कॉलेजात हॅल ममी हेड कोच झाले आणि माइक लीच त्यांचे सहायक. या जोडीनं सतत पास फेकण्याची जी पद्धत बसवली ती पुढे ‘एअर रेड’ म्हणून देशभर गेली. लीच हे वकिलीची पदवी घेऊन फुटबॉलकडे वळलेले गृहस्थ. मॅचबद्दल विचारलं तर समुद्री चाच्यांवर बोलायचे. बाकीचे कोच मैदानाच्या कडेला ताटाएवढा लॅमिनेट केलेला रंगीत तक्ता नाचवतात आणि समोरच्या कॅमेऱ्याला ओठ वाचता येऊ नयेत म्हणून तोच तोंडावर धरतात. लीच यांचं काम घडी घातलेल्या कागदावर भागायचं. खेळी थोड्याच ठेवायच्या आणि पोरांना त्या झोपेतही यायला हव्यात, असा त्यांचा खाक्या होता.

स्प्रेडमध्ये पळायची युक्ती वेगळीकडे सापडली. वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्लेनव्हिल स्टेट कॉलेजात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला रिच रॉड्रिगेझ कोच होते. सरावात क्वार्टरबॅकनं बॉल शेजारून पळणाऱ्याच्या हातात द्यायचा होता, तो काही नीट गेला नाही. पोरगा बॉल घेऊन स्वतःच उलट्या बाजूनं सुटला. कोचनं विचारलं, तिकडे का पळालास? पोरगा म्हणाला, त्या टोकाचा डिफेन्सिव्ह एंड आत धावला, म्हणून मी बाहेर गेलो. दुसरा एखादा कोच असता तर पोराला मैदानाला चार चकरा मारायला लावल्या असत्या. रॉड्रिगेझनी त्याची खेळीच केली. हीच ती झोन रीड. समोरचा एक गडी मुद्दाम मोकळा सोडायचा, त्याला कुणी अडवायचं नाही, फक्त त्याच्याकडे बघायचं. तो आत आला तर क्वार्टरबॅक बाहेर जाणार, तो बाहेर थांबला तर बॉल आतल्या गड्याला मिळणार. बिचारा काहीही करो, चूकच ठरतो.

हे सगळं मैदानाच्या मधोमध फार सुंदर दिसतं. शाळेच्या पोरांनाही जमतं. ८० यार्ड बॉल असा काही वाहत जातो की क्लॅरिनेटवालेसुद्धा माना वर करून बघतात. आणि मग गोल लाइन जवळ येते.

इथे गणित बदलतं, आणि ते खरोखरच अंकगणित आहे. मैदानाच्या मध्यावर बचाव करणाऱ्या ११ जणांपैकी दोघांना फार मागे उभं राहावं लागतं, कारण डोक्यावरून बॉल गेला तर पाठी ५० यार्ड मोकळे. म्हणजे पुढच्या मारामारीला नऊ उरले. त्यांतले तीन-चार रिसीव्हरांमागे पांगले की मधल्या चौकोनात, ज्याला इथे ‘बॉक्स’ म्हणतात, पाच-सहाच राहतात. त्यांच्यासमोर आपली पाच धिप्पाड माणसं आहेतच. सहावा असला तर त्याला झोन रीडनं नुसतं बघूनच बाद करायचं. हिशेब जुळला.

आता बॉल दोन यार्डांवर आणा. पाठीमागे उरलं काय? हे दोन आणि एंड झोनचे १०, मिळून १२ यार्ड. त्यापलीकडे झेल घेतला तरी तो धरत नाहीत. म्हणजे मागच्या दोघांना मागे राहायचं कारणच उरलं नाही. ते चालत चालत पुढे येतात आणि बॉक्समध्ये सामील होतात. एंड झोनची मागची रेघ बचावाच्या बाजूनं फुकटात खेळते, तिला पगारही द्यावा लागत नाही. रुंदी मात्र तितकीच राहते, एक इंचही कमी होत नाही. स्प्रेडची गंमत लांबी आणि रुंदी दोन्ही ताणण्यात होती. त्यातली लांबी गेली, रुंदी राहिली. त्यात शॉटगनमुळे बॉल आधी पाच यार्ड मागे जाणार, तिथून दोन यार्ड पुढे यायला सात यार्डांचा प्रवास, आणि तेवढ्या वेळात समोरचे १३० किलोचे गृहस्थ चहा घेऊन आले तरी वेळेवर पोचतील. बाबांचा प्रश्न हाच होता.

अशा वेळी कोच काय करतात? पहिली गोष्ट करतात ती म्हणजे फेड. रिसीव्हर कडेकडेनं एंड झोनच्या कोपऱ्यात पळतो आणि क्वार्टरबॅक त्याच्या डोक्यावरून एक उंच, लाडात वाढलेला पास टाकतो. बॉल हवेत इतका वेळ राहतो की स्टँडमधल्या प्रत्येकाला त्याच्याबद्दल मत बनवता येतं. शक्यता तीन. आपल्या उंच पोरानं झेलला तर टचडाउन, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. समोरच्यानं हात लावला तर पडला. नाहीतर मैदानाबाहेर गेला. आकडेमोड करणारी मंडळी वर्षानुवर्षं ओरडतायत की गोल लाइनजवळ फेडपेक्षा आत वळणारे छोटे पास जास्त यशस्वी होतात. पण फेडमध्ये एक मोठा गुण आहे. तो फसला तरी कुणाचं नाव खराब होत नाही. बॉल बाहेर गेला, पोरगा उंच होता, वारा होता, पुढच्या वेळी बघू. ज्याला निर्णय घेतल्यासारखं दिसायचंय पण घ्यायचा नाहीये, त्याच्यासाठी फेड बनवलाय. आमच्या शाळेचे कोच एका मॅचमध्ये लागोपाठ दोन फेड फेकून मग लाथेनं तीन गुणांचा फील्ड गोल मारायला गेले, तेव्हा मागचे गृहस्थ नाचोज खाली ठेवून उभे राहिले होते. नाचोज खाली ठेवलेले मी तेव्हाच पाहिले.

दुसरी गोष्ट म्हणजे आत वळणारा छोटा पास, स्लँट. आणि आता ती रात्र सांगितल्यावाचून गत्यंतर नाही.

१ फेब्रुवारी २०१५, ॲरिझोनातलं ग्लेनडेल, सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना. न्यू इंग्लंड पेट्रियट्स २८, सिॲटल सीहॉक्स २४. बॉल सिॲटलकडे, एका यार्डावर, दुसरी संधी, घड्याळात २६ सेकंद. सिॲटलकडे मार्शॉन लिंच होता, ज्याला लोक ‘बीस्ट मोड’ म्हणत. चार माणसं पाठीला लटकली तरी हा पळत राहायचा. आधीच्याच खेळीत त्यानं बॉल पाच यार्डांवरून एका यार्डावर आणला होता. अमेरिकेत त्या क्षणी टीव्हीसमोर ११ कोटींवर माणसं होती आणि त्या सगळ्यांना पुढची खेळी ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती सिॲटलच्या कोचला, पीट कॅरल यांना.

कॅरल यांनी पास फेकायला लावला. उजवीकडे दोन रिसीव्हर एकामागे एक. पुढच्यानं, जर्मेन कर्सनं, समोरच्याला अडकवून वाट करायची आणि मागच्या रिकार्डो लॉकेटनं त्या वाटेनं आत घुसून झेल घ्यायचा. पेट्रियट्सकडून कर्सच्या समोर ब्रँडन ब्राउनर उभा होता. तो आधी सिॲटलकडेच खेळलेला, अंगानं भरभक्कम. त्यानं कर्सला जागच्या जागी रोखून धरलं. वाट झालीच नाही, उलट मागच्या माल्कम बटलरला समोरचं मोकळं मिळालं. बटलर पहिल्या वर्षाचा पोरगा. ड्राफ्टमध्ये कुणीच न घेतलेला, एके काळी पोपाइजमध्ये चिकन विकलेला. आणि मुख्य म्हणजे, त्याच आठवड्यातल्या सरावात ह्याच खेळीवर तो फसला होता आणि त्यावरून त्याला बोलणी बसली होती. रसेल विल्सननं बॉल सोडला. बटलर लॉकेटच्या आधी तिथे पोचला आणि बॉल त्याच्या छातीशी आला. मॅच संपली. त्या मॅचच्या सर्वोत्तम खेळाडूला ट्रक मिळणार होता. तो खेळाडू ठरला पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी, आणि त्यानं ट्रक बटलरला देऊन टाकला.

त्यानंतर अमेरिकेत पीट कॅरल यांच्याबद्दल जे बोललं गेलं ते छापता येणार नाही. दहा वर्षांनंतरही लग्नात, बार्बेक्यूला, दंतवैद्याच्या खुर्चीत, कुठेही ‘लिंचला का दिला नाही?’ एवढं म्हटलं की माणसं बोलती होतात. आणि माझं मत, या देशात राहूनही, कॅरल यांच्या बाजूनं आहे. हिशेब बघा. २६ सेकंद आणि एकच टाइमआउट. पळून फसलात तर घड्याळ चालूच राहतं, टाइमआउट खर्च होतो. तीनही वेळा पळायला वेळच पुरत नव्हता. म्हणजे तीन संधी पुऱ्या वापरायच्या तर त्यातला एक पास हवाच, कारण पास पडला की घड्याळ थांबतं. मग तो आत्ताच का नको? समोर पेट्रियट्सनी धिप्पाड माणसं आणून मध्ये कोंबली होती. पळण्याविरुद्धची सगळी तयारी झालेली. शिवाय तो बीस्ट मोड त्या मोसमात एका यार्डावरून पाच वेळा पळाला होता आणि एकदाच पलीकडे गेला होता. आणि एका यार्डावरून फेकलेला एकही पास त्या मोसमात, त्या रात्रीपर्यंत, समोरच्याच्या हातात गेलेला नव्हता. कॅरल यांची आकडेवारी बरोबर होती. फक्त बटलरनं सराव जरा जास्त मनावर घेतला होता.

पण हे मी आमच्या ऑफिसच्या पँट्रीत मांडून पाहिलं. पाच मिनिटं सविस्तर, घड्याळासकट. समोरच्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बरोबर आहे. पण लिंचला द्यायला हवा होता.”

एका यार्डाचा आणखी एक गंमतशीर नियम आहे. बचाव करणाऱ्यानं इथे चूक केली तर शिक्षा म्हणून बॉल पुढे सरकवतात, पण सरकवायला जागाच नसते. म्हणून उरलेल्या अंतराच्या निम्मा सरकवतात. पुन्हा चूक, पुन्हा निम्मा. झेनो नावाच्या ग्रीक तत्त्ववेत्त्यानं अडीच हजार वर्षांपूर्वी मांडलेलं कोडं अमेरिकन पंचांनी नियमावलीत घातलं. ते सुटायचं नाही हे सिद्ध व्हायला २६ जानेवारी २०२५ उजाडावी लागली.

त्या दिवशी फिलाडेल्फिया ईगल्स आणि वॉशिंग्टन कमांडर्स यांच्यात सुपर बोलच्या आधीची मॅच होती. ईगल्स एरवी स्प्रेडच खेळतात. शॉटगन, झोन रीड, दोन्ही टोकांना जगातले चांगले रिसीव्हर. पण एक यार्ड उरला की ही सगळी श्रीमंती ते गुंडाळून ठेवतात. क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स, जो ६०० पौंड खांद्यावर घेऊन बैठक मारतो अशी त्याची ख्याती आहे, सेंटरला चिकटून उभा राहतो. मागे दोन-तीन आडदांड माणसं. बॉल मिळाला की हर्ट्स खाली वाकून घुसतो आणि मागचे त्याला ढकलतात. बस. या खेळीला ‘टश पुश’ म्हणतात आणि तेव्हा ती क्वचितच फसायची. वॉशिंग्टनचा लाइनबॅकर फ्रँकी लुवू यानं ठरवलं की बॉल हलायच्या क्षणाचा अंदाज घ्यायचा आणि सगळ्यांच्या डोक्यावरून सूर मारायचा. अंदाज चुकला, तो आधीच पलीकडे गेला. शिक्षा: निम्मं अंतर. त्यानं पुन्हा सूर मारला. निम्म्याचं निम्मं. मग दुसऱ्या कुणीतरी चूक केली. बॉल आता रेघेच्या इतका जवळ, की निम्मं मोजायला सोनाराचा काटा लागला असता. शेवटी पंचांनी माइकवरून आख्ख्या देशाला जाहीर केलं की वॉशिंग्टनला ताकीद दिलेली आहे, हे असंच चाललं तर आम्ही सरळ गुण देऊन टाकू. टचडाउन करायला बॉलच न्यायला नको, असा प्रसंग नियमावलीत लिहिलेला होता आणि तो वापरायची वेळ आली होती. मग हर्ट्स ढकलला गेला आणि प्रश्न मिटला. ५५-२३ असा निकाल लागला.

ही खेळी बंद करा म्हणून पुढे ग्रीन बे पॅकर्सनी ठराव आणला. ३२ संघमालकांपैकी २४ मतं लागतात. २२ मिळाली. दोन मतांनी ढकलाढकली वाचली. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं, हा फुटबॉल नाही. आता हे म्हणणाऱ्या खेळाचा इतिहास बघा. १९८६ च्या सुपर बोलमध्ये शिकागो बेअर्सनी एका यार्डावरून बॉल कुणाला दिला? वॉल्टर पेटन हा त्या वेळचा सर्वांत महान पळणारा त्यांच्याकडे होता. त्यांनी दिला विल्यम पेरीला. पेरी बचावातला गडी, तीनशे पौंडांच्या पुष्कळ पुढे, टोपणनाव ‘रेफ्रिजरेटर’. फ्रिज पलीकडे गेला. पेटनला त्या मॅचमध्ये एकही टचडाउन मिळाला नाही. शिकागो ४६-१० जिंकलं, तरी कोच माइक डिट्का यांना पुढे जन्मभर त्याचीच चुटपुट लागून राहिली. जिंकूनही बोलणी खायची सोय एका यार्डावर आहे.

बरं, नुसतं ढकलायचं हेही खरं नाही. याच ईगल्सनी फेब्रुवारी २०१८ मध्ये मिनियापोलिसच्या सुपर बोलमध्ये, एका यार्डावर, चौथ्या संधीला, फील्ड गोलचे खात्रीचे तीन गुण सोडून एक भलताच उद्योग केला. क्वार्टरबॅक निक फोल्स ओरडत ओरडत रांगेच्या कडेला निघून गेला, जणू काही सांगायचं विसरलाय. बॉल गेला कोरी क्लेमेंटकडे, त्यानं दिला ट्रे बर्टनला, आणि बर्टननं फेकला तो मोकळ्यावर उभ्या असलेल्या फोल्सकडे. क्वार्टरबॅकच्या मागे कुणी नव्हतं, कारण क्वार्टरबॅक झेल घेईल असं कुणाच्या मनात येत नाही. ईगल्स ४१-३३ जिंकले. आता त्यांच्या स्टेडियमबाहेर फोल्स आणि कोच डग पेडरसन यांचा पुतळा आहे. दोघं खेळी ठरवत उभे आहेत. कोच खेळी निवडतोय या प्रसंगाचा पुतळा! फसली असती तर त्याच पेडरसनना त्याच शहरात पेट्रोल भरायला तोंड झाकून जावं लागलं असतं.

मग स्प्रेडवाल्यानं करायचं काय? माझ्या मते रुंदी सोडायची नाही आणि क्वार्टरबॅकला पळवायचं. साधी मोजणी आहे. क्वार्टरबॅकनं बॉल दुसऱ्याच्या हातात दिला की तो स्वतः रिकामा, पळणारा पळतोय, म्हणजे समोरच्या ११ जणांना अडवायला आपले नऊच. क्वार्टरबॅक स्वतः पळाला की दहा. एका यार्डावर एक माणूस म्हणजे फार झाला. फ्लोरिडाचे कोच अर्बन मायर यांना हे २००६ सालीच कळलं होतं. पहिल्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक वेगळा होता, पण गोल लाइन आली की ते टिम टीबो नावाचा नवखा आणि १०० किलोच्या पुढचा पोरगा आत पाठवायचे. स्प्रेडच खेळायचं, रिसीव्हर टोकांना, मध्ये टीबो बॉल घेऊन घुसणार. ऑक्टोबरमध्ये लुइझियाना स्टेटच्या संघाविरुद्ध सगळे तो घुसणार म्हणून मध्ये गोळा झाले. तो दोन पावलं पुढे धावला, रेघेपाशी उडी मारली आणि हवेतल्या हवेत बॉल समोरच्याच्या डोक्यावरून आपल्या माणसाकडे टाकला. टचडाउन. मजा अशी की ही उडी तेव्हाच चालते जेव्हा हा माणूस घुसणारच याची समोरच्याला खात्री असते. आधी चार वेळा डोकं आपटून घेतल्यावर ही सोय मिळते.

आमच्या शाळेच्या कोचांनी त्या शुक्रवारी दोन यार्डांवर काय केलं, हे विचाराल तर पोरगा शॉटगनमध्ये पाच यार्ड मागेच उभा राहिला. समोरच्या टोकाचा गडी आत धावला, पोरानं बॉल पोटाशी ठेवला आणि बाहेरून चालत जावं तसा एंड झोनमध्ये गेला. कुणी हातही लावला नाही. मागचे गृहस्थ ‘रन द बॉल!’ म्हणून आधीच उभे राहिले होते, ते तसेच टाळ्या वाजवत राहिले. बाबा म्हणाले, “बघ, मी काय म्हणत होतो?”

तर मंडळी, तुम्हीही इकडे मुलांकडे आलात आणि रविवारी दुपारी सोफ्यावर कुणी मॅच लावलीच, तर एवढं करा. बॉल गोल लाइनजवळ आला की स्नॅपच्या आधी मधल्या चौकोनातली समोरची माणसं मोजा. पाच-सहा दिसली तर पळवायला हवं, आठ दिसली तर फेकायला हवं, किंवा क्वार्टरबॅकला स्वतः घुसायला लावायला हवं. तुमचं उत्तर मोठ्यानं आणि आधी सांगा. नंतर सांगायला सोफ्यावरचे बाकीचे सगळे आहेतच.